आधी पाणंद चालून ये

अनेक आशीर्वाद.

तळेगावच्या कडेच्या त्या साडेअकरा एकरांवरच्या गृहसंकुलाचा तू केलेला लेआउट मिळाला. रात्री दोनदा उघडून पाहिला. इमारतींची मांडणी छान जमली आहे, दक्षिणेचं ऊन कसं आवरायचं याचा विचार दिसतो. मी अडलो ते शीटपाशी. लँडस्केपचं शीट वेगळं आणि रस्त्यांचं वेगळं, आणि दोन्ही एकमेकांवर ठेवून तू पाहिलेलीच नाहीस. गावाबाहेरच्या जमिनीत ही दोन्ही मिळून एकच काम असतं. माणसं आणि पाणी, दोघंही उतार धरून चालतात, आणि त्यांची वाट तुझ्या प्लॅनच्या कितीतरी आधी ठरलेली असते.

पूर्वेच्या हद्दीजवळ सर्व्हेत एक बारीक तुटक रेघ आहे. तुझ्या प्लॅनमध्ये ती क्लबहाउसखाली गेली आहे. भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची नक्कल काढ आणि तिथे ती रेघ एकेरी आहे की दुहेरी ते बघ. एकेरी तुटक म्हणजे पायमार्ग, सव्वाआठ फुटांचा. दुहेरी तुटक म्हणजे गाडीमार्ग, साडेसोळा ते २१ फुटांचा. सातबाऱ्यावर बऱ्याचदा याचा पत्ता नसतो, त्यामुळे क्लायंट तुला सांगेल की इथे वाट नाहीच. पण वाट अडली की शेतकरी १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदाराकडे दाद मागू शकतो. तेव्हा हे आत्ताच नीट करून घे.

कागद झाला की पाणंद, म्हणजे शेतांमधून जाणारी ही जुनी वाट, चालून ये. सकाळी साडेसहाला जा, आणि पुन्हा संध्याकाळी. कोण येतं, कुठून वळतं, कुठे थांबतं ते वहीत लिही. दुधाच्या किटल्या बांधलेली मोटारसायकल, शाळेच्या मुली, शेळ्या, वैरणीचे भारे. कडेला कमरेइतक्या उंचीचा एखादा दगड असेल, माथा गुळगुळीत झालेला. डोक्यावरचा भारा त्यावर टेकवून बायका दम घेतात. असा दगड सापडला तर तो तुझ्या ड्रॉइंगवर आलाच पाहिजे, जागच्या जागी.

मी हे शिकलो ते चूक करून. वीसेक वर्षांपूर्वी अशाच एका कामात मी पाणंद कंपाउंडच्या बाहेरून वळवली. कागदावर वळण छोटं दिसत होतं. प्रत्यक्षात डोक्यावर ओझं घेतलेल्या माणसाला पाव किलोमीटर जास्त चालावं लागणार होतं, चढावर. भिंत उताराला आडवी बांधली आणि पाण्यासाठी दोन भोकं ठेवली. जुलैच्या पहिल्या मोठ्या पावसात भोकं काडीकचऱ्याने तुंबली. वरच्या बाजूच्या शेतकऱ्याची भाताची रोपं पाण्याखाली गेली आणि पहाटे भिंतीचा वीस फुटांचा तुकडा आडवा झाला. मी दुपारी पोचलो. पाणी ओसरलं होतं, आणि त्याच भगदाडातून माणसं जुन्या वाटेने ये-जा करत होती. त्या शेतकऱ्याने मला रोपवाटिका दाखवली, बोलला काहीच नाही. ती माती झालेली रोपं अजून डोळ्यांसमोर आहेत.

म्हणून ओढ्याचं सांगतो. तू त्याला ह्यूम पाइपात, म्हणजे सिमेंटच्या गोल नळात, घातलं आहेस, कारण मार्चमध्ये तो कोरडा दिसला. त्याच्या काठच्या निर्गुडीत गेल्या पावसाळ्याचा काडीकचरा, प्लॅस्टिक अडकलेलं असेल. ते किती उंचीवर आहे ते टेपने मोज. पाणी कुठवर आलं होतं ते त्यावरून कळेल. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याने काय केलं ते तुझ्या वयाच्या मुलांनाही आठवत असेल. पुरात भिंत पडून तिच्याखाली माणसं गेली. ओढा उघडा ठेव, काठ तिरके ठेव, आणि काठावरचं उंबर-करंज काढू नकोस. ओलांडायला पाइपाऐवजी रुंद मोरी, म्हणजे खालून पाणी जाईल असा छोटा पूल, दे.

आता मोकळ्या जागेचं. नियमाप्रमाणे १० टक्के, म्हणजे तुझ्याकडे ४६ गुंठे. तू ते तीन कोपऱ्यांत वाटलेस, जिथे इमारत बसली नाही तिथे. हे मला अजिबात पटलं नाही. ते सलग कर, ओढा आणि पाणंद यांच्या मधोमध. १५ मीटर रुंदी धरलीस तर ३०० मीटरच्या वर लांब पट्टा निघतो. किमान रुंदीची अट तेवढी तपासून घे, आणि पाणंदीची जागा त्या हिशेबात धरू नकोस, ती आपली नाही.

क्लायंट सुरक्षेचा मुद्दा काढेल. त्याला सांग, भिंत पाणंद सोडून आपल्या बाजूला आत घेऊ, बैठी आणि वर जाळी, आणि खालच्या मजल्यांच्या खिडक्या तिकडे काढू. ज्या वाटेवर घरांची नजर असते तिथे रात्रीही माणसं बिनघोर चालतात. एक छोटं गेट तिथेच दे. वाट पुढे स्टेशनच्या अंगाला निघत असेल तर लोकलने जाणारा रहिवासी पायी जाईल. घरकामाच्या बायकांना, भाजीवाल्याला जुन्या हायवेच्या ट्रकांमधून वळसा पडणार नाही.

आतल्या रस्त्यांवर फार डोकं लावू नकोस. आगीच्या बंबाला ६ मीटर रुंदी आणि ९ मीटरची वळणत्रिज्या दे, पण प्रत्येक गल्ली त्या मापाने काढू नकोस. चढ १:१२, म्हणजे बारा फुटांत एक फूट, यापेक्षा तीव्र नको. व्हीलचेअर, बाबागाडी आणि भाजीची हातगाडी, तिघांनाही तो चालला पाहिजे.

झाडांच्या यादीतून कोनोकार्पस आजच काढ. गुजरातने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली आहे. ओढ्याकाठी अर्जुन आणि करंज, रस्त्याला ताम्हण, बहावा. आणि जेसीबी लागण्याआधी वरची वीतभर माती सोलून एका बाजूला ढीग करून ठेवायला लाव. नंतर मुरमावर खड्डे घेऊन विकतची माती भरण्यात पैसाही जातो आणि झाडही नीट धरत नाही.

येत्या रविवारी मी येतो. साडेसहाला पाणंदीच्या तोंडाशी भेटू. ३० मीटरचा टेप, गावनकाशाची नक्कल आणि पाणी घेऊन ये. क्लबहाउस तोवर हलवू नकोस, किती सरकवायचं ते तिथे उभं राहून ठरवू.