ऐकणारा एकच कान उरतो तेव्हा

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र वाचले आणि सोबतचे एमआरआय व ऑडिओग्रामही (श्रवणचाचणीचे आलेख) नीट पाहिले. सोळा वर्षांची मुलगी, जनुकीय चाचणीत एनएफ-२ (दोन्ही कानांच्या नसांवर गाठी आणणारा आजार) निश्चित झालेला, डावा कान गेलेला, उजव्या बाजूची लहानशी गाठ वर्षभरात दोन मिलिमीटरने वाढलेली, आणि त्या कानाने ती अजून जवळजवळ प्रत्येक शब्द ओळखते. ‘लहान आहे तोवरच काढून टाकू का?’ असे तू विचारतोस. गाठ वाढल्याचे तू तीनदा लिहिले आहेस. तिला ऐकू येते हे मात्र एकदाच, तेही ओघात. तुझ्या गोंधळाचे मूळ मला तिथेच दिसते.

ऐकणारा एकुलता कान गाठीच्या मापावर खर्च करायचा नसतो. हे मी तुला पूर्वीही सांगितले आहे आणि आज पुन्हा सांगतो.

एनएफ-२ नसलेल्या माणसाला एका बाजूला होणारी गाठ बहुधा नसेला बाजूला ढकलत वाढते. एनएफ-२ मधली गाठ एकाच वेळी अनेक ठिकाणी सुरू होते, द्राक्षांच्या घोसासारखी नसेला लगडते आणि तिच्या तंतूंत शिरते. म्हणून एकेकट्या गाठींच्या शस्त्रक्रियेत श्रवण वाचल्याचे जे आकडे तू वाचले आहेस, ते या मुलीला लावू नकोस. काही निष्णात शल्यविशारद अशी लहान गाठ कान वाचवून काढतात, हे मला ठाऊक आहे. पण दुसरा कान शाबूत असताना पत्करलेली जोखीम आणि तो गेलेला असताना पत्करलेली जोखीम एक नव्हे. शिवाय दोष बाविसाव्या गुणसूत्रावरच्या जनुकात आहे. तू ही गाठ काढलीस तरी मेनिंजिओमा (मेंदूच्या आवरणातल्या गाठी) आणि मणक्यातल्या गाठी पुढे येऊ शकतात. तिला हा आजार आयुष्यभर सांभाळायचा आहे.

मग नुसते बसून राहायचे का, असे तू म्हणशील. अरे, लक्ष ठेवणे म्हणजे बसून राहणे नव्हे! या गाठी एका गतीने वाढत नाहीत. एखादे वर्ष वाढतात, मग कितीतरी काळ थांबतात. सहा महिन्यांनी पुन्हा एमआरआय कर आणि दर वेळी शब्द ओळखण्याची चाचणीही घे, कारण गाठ तेवढीच राहूनही शब्द हरवू लागतात. माझ्याकडे येणारा एक मुलगा प्रत्येक प्रश्नाला व्यवस्थित उत्तर देत असे. आईला तोंड फिरवून बोलायला सांगितले, तेव्हा तो ओठ वाचत होता हे कळले. ऐकणे घसरू लागले तर बेव्हॅसिझुमॅब या औषधाचा विचार कर. २००९ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाल्यापासून त्याने काहींची गाठ आकसलेली आणि ऐकणे सुधारलेले आपण पाहिले आहे. मात्र रक्तदाब, लघवीतील प्रथिने आणि बीजकोशांवरचा परिणाम यांची कल्पना तिला आधी दे, आणि औषध थांबवल्यावर गाठ पुन्हा वाढू शकते हेही सांग. २०२४ मध्ये ब्रिगॅटिनिब या दुसऱ्या औषधाच्या चाचणीचे आशादायक निष्कर्ष आले आहेत. वाट पाहण्याला आज जो अर्थ आहे तो माझ्या उमेदीच्या काळात नव्हता, याची खंत मला अजूनही आहे. गॅमा नाइफची, म्हणजे गाठीवर किरणोत्सर्गाच्या उपचाराची, घाई मात्र करू नकोस. या आजारात त्याचे यश कमी असते, ऐकणे पुढे हळूहळू जाऊ शकते, आणि कोवळ्या वयात किरणोत्सर्गामुळे पुढे कर्करोग होण्याचा धोका थोडा असला तरी खरा आहे.

माझ्या या आग्रहाला सहकाऱ्यांनी भित्रेपणा म्हटले. ब्रेनस्टेमवर (मेंदूच्या देठावर) दाब आला, मेंदूत पाणी साचू लागले, की मी एक दिवसही थांबलेलो नाही, आणि तूही थांबू नकोस. तिथे जीव आधी. पण असा दाब नसताना केवळ फिल्म स्वच्छ दिसावी म्हणून कुणाचा शेवटचा कान घेणे मला कधी पटले नाही, आजही पटत नाही.

‘इम्प्लांट आहेच की’ असेही तू लिहिले आहेस. ब्रेनस्टेमवर बसवायचे इम्प्लांट १९७९ मध्ये हाउस आणि हिट्सेलबर्गर यांनी अशाच एका रुग्णासाठी प्रथम वापरले, आणि ते मोलाचे आहे. पण त्यातून बहुतेकांना ओठ वाचायला आधार मिळतो, आजचे तिचे ऐकणे मिळत नाही. डावी गाठ काढावी लागलीच, तर श्रवणाची नस राखण्याचा प्रयत्न करा, म्हणजे तिथे कॉक्लियर इम्प्लांटची (आतल्या कानात बसवायच्या श्रवणयंत्राची) वाट उघडी राहील.

ऐकू येते आहे तोवरच ओठ वाचणे आणि सांकेतिक भाषा शिकायला तिला व घरच्यांना बसव. तोल सांभाळणाऱ्या नसा दुबळ्या असल्याने पाण्याखाली वर-खाली कळेनासे होते, म्हणून तिने एकटीने कधीही पोहू नये, हे स्पष्ट शब्दांत सांग. आणि पुढच्या भेटीत आईवडिलांना थोडा वेळ बाहेर बसवून तिलाच विचार, की या कानाने तिला अजून काय काय करायचे आहे. तिचे उत्तर मला कळव, मग आपण शस्त्रक्रियेबद्दल बोलू.