कॅलिफोर्नियात शिक्षक कपात: नंबर कुणाचा लागतो?

गणिताच्या शिक्षकाची ऑफर आलीय, पण तोच स्कूल डिस्ट्रिक्ट (म्हणजे तिथल्या सरकारी शाळा चालवणारी स्थानिक संस्था) शिक्षक कपात करतोय, तर यावं का, असं तुम्ही विचारलंय. आधी ऑफर लेटरमध्ये 'टेम्पररी' (तात्पुरते) लिहिलंय की 'प्रोबेशनरी' (पर्मनंट होण्याआधीच्या परीक्षा काळातले) ते बघा. टेम्पररी असाल तर कपातीचे नियम लागूच होत नाहीत. पुढच्या वर्षी गरज नाही, एवढं कळवलं की विषय संपला.

प्रोबेशनरी असाल तर डिस्ट्रिक्टचं बोर्ड आधी ठराव करतं: अमुक विषयाची इतकी पदं कमी. 15 मार्चपर्यंत प्राथमिक नोटीस येते. सुनावणी हवी असेल तर नोटिशीत दिलेल्या मुदतीतच लेखी मागा. मुदत हुकली की हक्क गेला. अंतिम नोटीस 15 मेपर्यंत. मार्चनंतर नावं वाढवणं अवघड, म्हणून डिस्ट्रिक्ट हात सैल सोडून नोटिसा काढतात आणि नंतर बऱ्याच मागे घेतात. तेव्हा मार्चमधल्या बातम्यांनी घाबरू नका.

क्रम सेवाज्येष्ठतेचा. त्या डिस्ट्रिक्टमध्ये प्रोबेशनरी म्हणून पगारी कामाचा पहिला दिवस धरतात. भारतातल्या अनुभवाने फार तर पगाराची पायरी वाढेल, ज्येष्ठता नाही. शिवाय 'बंपिंग' असतं: पीटीच्या शिक्षकाचं पद गेलं, पण तो तुम्हाला सीनियर आहे आणि त्याच्याकडे गणिताचं क्रेडेन्शियल (शिकवण्याचा परवाना) आहे, तर तो तुमच्या जागी येऊ शकतो. म्हणजे गणिताची पदं शाबूत असली तरी तुम्ही सुरक्षित नाही! उलट, खास प्रशिक्षण लागणारी पदं, उदाहरणार्थ स्पेशल एज्युकेशनमधली, डिस्ट्रिक्ट गरज सिद्ध करून वगळू शकतं.

आपल्याकडे अतिरिक्त शिक्षकांचं समायोजन होतं, तसं इथे नाही. पुन्हा बोलावण्याचा हक्क असतो: पर्मनंट शिक्षकाला 39 महिने, प्रोबेशनरीला 24. पण एच-वन-बी या वर्क व्हिसावर नोकरी गेल्यावर देशात राहायला हातात जास्तीत जास्त 60 दिवस, त्यामुळे हा हक्क बहुतेकदा कागदावरच राहतो. व्हिसाच्या मुदतीआधी काढलं तर तुमचं परतीचं तिकीट डिस्ट्रिक्टने द्यायचं असतं, कुटुंबाचं नाही. जे-वनवर (एक्स्चेंज व्हिसावर) असाल तर दुसऱ्या शाळेत बदली होईल का, हे स्पॉन्सरकडून (तुमचा जे-वन कार्यक्रम चालवणाऱ्या संस्थेकडून) आत्ताच लेखी घ्या.

सही करण्याआधी डिस्ट्रिक्टचा ताजा 'इंटरिम रिपोर्ट', म्हणजे आर्थिक स्थितीचा अहवाल, वाचा. तो बोर्डाच्या बैठकीच्या कागदपत्रांत मिळतो. शेरा 'पॉझिटिव्ह' असेल तर ठीक. 'क्वालिफाइड' म्हणजे चालू आणि पुढच्या दोन वर्षांचे खर्च भागतील याची खात्री नाही. 'निगेटिव्ह' असेल तर दुसरी ऑफर शोधा.