बागेत बसल्यावर उजळणारा बाक करायचा आहे; पावसाळ्यात टिकेल का?

टिकेल, पण टच सेन्सर लावू नका. पावसाच्या पाण्याचा थरही त्याला स्पर्शच वाटतो आणि दिवे रात्रभर जळत राहतात. बैठकीखाली लोडसेल, म्हणजे वजन मोजणारा सेन्सर, लावा. २०१४ मध्ये बोस्टनच्या 'स्विंग टाइम' या सार्वजनिक कलाकृतीत उजळणारे गोल झोपाळे ठेवले, तिथे हालचाल ओळखायला अ‍ॅक्सेलरोमीटर होता: स्थिर असताना पांढरा उजेड, झुलताना जांभळा. झोपाळ्याला ते शोभतं. न हलणाऱ्या बाकाला वजन मोजणंच बरं.

बैठक जमिनीपासून ४५ सेंमी, पाणी साचू नये म्हणून किंचित उतार. पत्रा नको, मे महिन्यात चटका बसतो. वीज १२ व्होल्ट डीसीच ठेवा. एलईडी दिव्यांची पट्टी आयपी६७ची (धूळ-पाणी रोखणाऱ्या दर्जाची) असली तरी पाणी शिरतं ते कापलेल्या टोकातून. तिथे टोपी बसवून सिलिकॉन भरा. वीजजोडणीची पेटी जमिनीपासून उंच, वायरी खालून ग्लँडमधून (वायरीभोवती घट्ट बसणाऱ्या बुचातून) आत. पेटी ठार बंद केली तरी रात्री गारव्याने आत दव धरतं, म्हणून तळाला ब्रीदर (ओल बाहेर सोडणारं, पाणी अडवणारं छोटं बूच) हवाच.

झाकणाला साधे स्क्रू नकोत, आठवड्यात गायब होतात. छेडछाड-रोधक स्टेनलेसचे वापरा, आणि त्यांचा पाना माळ्याकडे ठेवा, ठेकेदाराकडे नको.