फोटोत मूल ओळखू आलं पाहिजे

वाचकांचे प्रश्न

डिसेंबर लागला की बारावीची मुलं असलेल्या घरांत फेअरवेलची साडी, ब्लेझर आणि फोटो हा विषय निघतोच. अमेरिकेत शाळेच्या शेवटच्या वर्षी प्रत्येक मुलाचं खास पोर्ट्रेट काढून घ्यायची प्रथा जुनी आहे, आपल्याकडेही ती आता रुळते आहे. वडोदऱ्याहून आलेल्या चार पत्रांना या अंकात उत्तरं देत आहोत.

प्रश्न: माझा मुलगा बारावीत आहे. तबला शिकतो, चष्मा लावतो. कॅमेरा समोर आला की ओठ घट्ट मिटून घेतो. फोटोग्राफरने तीन पॅकेजं दाखवली आहेत: स्टुडिओ, आउटडोअर आणि रॉयल. त्यातलं कुठलं घ्यावं?
(एक आई, दांडिया बाजार)

ताई, पॅकेज सगळ्यात शेवटी ठरवा. ही तिन्ही नावं पार्श्वभूमीची आहेत, तुमच्या मुलाबद्दल त्यांतून काहीच कळत नाही. आधी चार-आठ दिवस त्याच्याकडे नुसतं लक्ष ठेवा. कोणत्या कामात तो आजूबाजूचं विसरतो? तबला शिकणाऱ्या मुलाची ती वेळ बऱ्याचदा तबला लावतानाची, म्हणजे सुरात आणतानाची असते. हातोडी पुडीच्या कडेच्या गजऱ्यावर, मान एका बाजूला कललेली, कान पुडीकडे (वरच्या कातड्याकडे) आणि ओठ मिटलेले. इथे मिटलेले ओठ शोभून दिसतात, कारण तो ऐकतो आहे. त्याला हसवण्याचा खटाटोप करू नका. 'चीज म्हण' सांगून आलेलं हसू ओठांवरच राहतं, डोळ्यांपर्यंत पोचत नाही.

फोटो घरीच काढा, तो रियाज करतो त्या खोलीत. त्याला खिडकीपासून एक ते दीड मीटरवर बसवा आणि उजेड चेहऱ्यावर तिरका, साधारण ४५ अंशांतून येऊ द्या. ऊन थेट आत येत असेल तर खिडकीला पातळ पांढरा पडदा किंवा धुतलेली चादर लावा. ट्यूबलाइट आणि बल्ब बंदच ठेवा, नाहीतर अर्धा चेहरा निळसर आणि अर्धा पिवळा येतो आणि तो नंतर संगणकावरही धड सुधारत नाही. चेहऱ्याची दुसरी बाजू फार काळोखी वाटली तर तिकडे दोन-तीन फुटांवर थर्माकोलची पांढरी शीट उभी करा.

मुलगा जमिनीवर बसणार, तेव्हा फोटोग्राफरनेही खाली बसायला हवं. उभ्याने काढलेल्या फोटोत डोकं मोठं आणि पाय आखूड येतात, तबल्याची तर फक्त पुडी दिसते. कॅमेरा किमान दोन मीटर लांब हवा. फोन असेल तर जवळ जाऊन १x वर काढू नका, मागे सरकून २x किंवा ३x झूम वापरा. जवळून काढलं की नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. दोष लेन्सवर जातो, पण चूक अंतराची असते. शटरचा वेग तबला लावताना १/१२५ सेकंद पुरतो. वाजवतानाचा फोटो हवा असेल तर १/३० ते १/६० वर बोटं पुसट होऊन वेग दिसतो, मात्र त्या वेळी मान स्थिर हवी. असे वीस-पंचवीस काढले तर दोन-तीन साधतात.

चष्मा काढायला लावू नका. काचेवर खिडकी उमटत असेल तर चष्म्याच्या दांड्या कानांवर किंचित वर उचला, म्हणजे काचा खाली झुकतात आणि चमक जाते. तेवढ्याने भागलं नाही तर हनुवटी थोडी खाली. काचा काढलेली रिकामी फ्रेम घालायला सांगतात, ते आम्हाला पटत नाही. नंबरच्या काचेतून दिसणारे डोळेच घरच्यांच्या ओळखीचे असतात. आणखी एक: हाताला लावायची पावडर गडद कुर्त्यावर लगेच उठून दिसते, ओला रुमाल जवळ ठेवा.

प्रश्न: मी १७ वर्षांची आहे. सगळ्या मैत्रिणी गाऊन घालून राजवाड्यासमोर फोटो काढणार आहेत. मी दोरीच्या मल्लखांबावर सराव करते, केस बारीक कापलेले आहेत, गाऊनमध्ये मला परकं वाटतं. आईला मात्र नऊवारीतला फोटो हवा आहे. काय करू?
(एक विद्यार्थिनी, मांजलपूर)

गाऊन सोडून दे. परकं वाटणाऱ्या कपड्यात खांदे आधी आवळले जातात, आणि ते फोटोत पहिल्यांदा दिसतं. आईचं मात्र ऐक. नऊवारीच्या काष्ट्यात पाय मोकळे राहतात, तुझ्यासारख्या चपळ मुलीला ती गाऊनपेक्षा कितीतरी बरी. फक्त त्यात मूर्तीसारखी उभी राहू नकोस. चालत ये, जिना उतर, पदर कमरेला खोचून कठड्यावर बस. बारीक केसांवर गंगावन लावायचा आग्रह झाला तर गोडीत नाही म्हण, मान मोकळी दिसू दे.

क्रम असा ठेव: आधी साडी, मग मल्लखांब. उलट केलंस तर घामेजला चेहरा आणि दोरीने लाल झालेले हात साडीच्या फोटोत येतील. आखाड्यात आधी उस्तादांची परवानगी घे आणि खाली गादी असल्याशिवाय दोरीला हात लावू नकोस. फोटोसाठी नवं आसन करून बघायचं नाही, रोज सहज जमतं तेच करायचं. प्रत्येक वेळी आसनाच्या टोकाला दोन सेकंद थांब, तेवढ्यात फोटो होतो. हालचालीतलाही फोटो हवा असेल तर ती गोठवायला शटरचा वेग १/१००० सेकंद लागतो आणि आखाड्यात उजेड कमी असतो, म्हणून फोटोग्राफरला आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची क्षमता) ३२०० किंवा त्याहून वर न्यायची तयारी ठेवायला सांग. थोडे दाणे आले तरी चालतात, हललेला चेहरा चालत नाही. फ्लॅश नकोच, अधांतरी असताना डोळे दिपणं धोक्याचं.

फ्रेम उभी, डोक्यावर भरपूर जागा, मागे गडद भिंत, म्हणजे पांढरी दोरी उठून दिसते. आणि एक फोटो अगदी जवळून घ्यायला सांग: पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यात पकडलेली दोरी. चेहरा नसलेला तो फोटोही पूर्णपणे तुझा असेल. गाऊनमधल्या दहा मुलींत तो एकीकडेही नसणार.

प्रश्न: शहरात बाहेर फोटो कुठे आणि किती वाजता काढावेत?
(एक वडील, कारेलीबाग)

वेळेचं आधी. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तेव्हा पावणेपाच ते पावणेसहा हा तास राखून ठेवा. परीक्षेनंतर एप्रिलात काढणार असाल तर तोच तास पावणेसहाला सुरू होतो. दुपारी बाराच्या उन्हात डोळ्यांखाली काळ्या खाचा पडतात, तिथे महागडा कॅमेराही काही करू शकत नाही.

सयाजीबागेत, म्हणजे आपल्या कमाटीबागेत, झाडाखालचे उन्हाचे कवडसे टाळा. चेहऱ्यावर पांढरे ठिपके पडतात. सलग सावलीच्या कडेला, उघड्या आकाशाकडे तोंड करून उभं करा. हिरवळीवर बसवलं तर हनुवटीखाली हिरवी झाक येते, पांढरी ओढणी मांडीवर पसरली की ती कमी होते. सूरसागर तलावावर मधली शिवमूर्ती मुलाच्या डोक्यातून उगवल्यासारखी दिसते. कॅमेरा दोन पावलं बाजूला सरकवला की काम होतं. जुन्या शहरातल्या मांडवीला जायचं तर सकाळी, दुकानं उघडायच्या आत. विद्यापीठाच्या घुमटाजवळ आणि लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात कॅमेऱ्याचे नियम आणि परवानगी आधी विचारून घ्या, दारावर हुज्जत झाली की मुलाचा चेहरा दिवसभर उतरतो. विश्वामित्रीच्या काठावर मात्र अजिबात उतरू नका. नदीत मगरी आहेत, आणि काठावर ऊन खात पडलेली मगर चिखलात पटकन ओळखू येत नाही.

पण जागा मुलाच्या रोजच्या वाटेवरची असेल तर उत्तम. सायकल दुरुस्त करणाऱ्या मुलाला राजवाड्याच्या कमानीत उभं करून काय साधणार? फोटोच्या आधी त्याला घेऊन महाराजा फत्तेसिंग संग्रहालयात एकदा जाऊन या. तिथे राजा रविवर्म्याची चित्रं आहेत. चेहऱ्यांपेक्षा हातांकडे बघा, ते कुठे टेकलेत, काय धरून आहेत. 'हात कुठे ठेवू?' हा प्रश्न प्रत्येक मुलाला कॅमेऱ्यासमोर पडतो, आणि हातात रोजची वस्तू दिली की तो सुटतो.

प्रश्न: नातीच्या गालावर मुरमं आहेत आणि भुवईवर लहानपणी पडल्याचा व्रण आहे. फोटोग्राफर म्हणतो, सगळं गुळगुळीत आणि गोरं करून देतो. करू द्यावं का?
(एक आजी, रावपुरा)

आजी, गोरं अजिबात करू देऊ नका. बयाणा देण्याआधीच सांगा की कातडीचा रंग बदलायचा नाही. सतरा वर्षांच्या मुलीला तिचाच फोटो उजळ करून दाखवला की तिला त्याचा एकच अर्थ लागतो, आणि तो घरच्यांनी लावून दिलेला असतो. मुरमं आज ना उद्या जातील, ती पुसायला हरकत नाही. व्रण तिच्यासोबत राहणार आहे, त्याबद्दल तिला एकटीला विचारा आणि ती म्हणेल तसं करा. दातांना तारा असतील तर त्यांचाही निर्णय तिचाच.

मुरमं असताना उजेड एका बाजूने जोरात आला तर प्रत्येक उंचवट्याची सावली पडते. समोरून, मोठ्या खिडकीतून आलेला मऊ उजेड निम्मं काम आपोआप करतो. पुसून झालेला फोटो स्क्रीनवर १०० टक्के मोठा करून बघा. गालावरची रंध्रं दिसत नसतील तर हात जास्त फिरला आहे, परत करून मागा. आदल्या दिवशी नवी क्रीम किंवा फेशियल नको, कातडी लाल होते.

छापायचा फोटो व्हॉट्सॲपवर साधा पाठवून घेऊ नका, तो दाबला जातो. डॉक्युमेंट म्हणून किंवा पेनड्राइव्हवर घ्या. ८ x १२ इंचांच्या छपाईला २४०० x ३६०० पिक्सेल असले की पुरे. कागद मॅट, म्हणजे बिनचमकीचा घ्या, आणि फ्रेम करताना काच व फोटो यांच्यामध्ये पुठ्ठ्याचा माउंट (कडेची चौकट) घालायला सांगा. तो नसला तर पावसाळ्याच्या दमटपणात फोटो काचेला चिकटतो आणि सोडवताना रंगाचे पापुद्रे निघतात.