पाथ स्ट्रिंगच ठेवावा की त्याला टाइप द्यावा?

तुमचा प्रश्न असा आहे: हॅस्केल या प्रोग्रामिंग भाषेत फाइलपाथ (फाइलचा पत्ता) म्हणजे स्ट्रिंगचंच, साध्या मजकुराचंच, दुसरं नाव, त्यावर काम भागतंय, मग 'पाथ' लायब्ररीचा खटाटोप कशाला? प्रोग्राम फाइली हलवणार किंवा पुसणार असेल, तर माझ्या मते हा खटाटोप कराच.

आपल्या बडोद्यात कुणाला "उजवीकडे तिसरी गल्ली" एवढंच सांगितलं, तर तो आधी विचारील, कुठून? मांडवीपासून की न्यायमंदिरापासून? स्ट्रिंग हे विचारत नाही. 'पाथ' लायब्ररीत पाथाच्या टाइपवर (प्रकारावर) दोन खुणा असतात: अ‍ॅब्सोल्यूट (मुळापासून पूर्ण) की रिलेटिव्ह (दुसऱ्या एखाद्या फोल्डरापासून मोजलेला), आणि फाइल की फोल्डर. खुणा फक्त कंपायलरसाठी, म्हणजे प्रोग्राम चालण्याआधी कोड तपासणाऱ्यासाठी, असतात (यांनाच फँटम टाइप म्हणतात), चालत्या प्रोग्रामवर त्यांचा भार पडत नाही. जोडताना डावीकडे फोल्डरच लागतो आणि उजवीकडे रिलेटिव्ह पाथच.

हे मला पटलं ते एका फजितीनंतर. दांडिया बाजारातल्या आमच्या मंडळाची जुनी इतिवृत्तं स्कॅन करून वर्षवार लावायला मी छोटा प्रोग्राम लिहिला होता. यादीतल्या एका ओळीत वर्षाआधी तिरपी रेघ राहून गेली होती. नेहमीच्या फाइलपाथ लायब्ररीत 'नोंदी'ला '/१९६२' जोडलं की लिनक्सवर उत्तर येतं नुसतं '/१९६२'. डावी बाजू मुकाट गळून पडते. हे तिथं मुद्दामच तसं ठेवलंय, पण मला ते उमगायला दोन संध्याकाळी गेल्या. ती ओळ 'पाथ' लायब्ररीनं रिलेटिव्ह फोल्डर म्हणून पार्स केली (तपासून पाथात बदलली) असती, तर एकही फाइल हलण्याआधी तिथंच अडकली असती.

'..' (म्हणजे एक फोल्डर वर) असलेला पाथ 'पाथ' लायब्ररी घेतच नाही, म्हणून तुम्ही वैतागलात. पण 'क/ख/..' म्हणजे 'क'च, हे 'ख' सिमलिंक (दुसऱ्या जागेकडे नेणारा दुवा) असेल तर खोटं ठरू शकतं, आणि ते डिस्क पाहिल्याशिवाय कळत नाही. स्काला या दुसऱ्या भाषेच्या ओएस-लिब लायब्ररीत साध्या रिलेटिव्ह पाथाला '..' चालतो आणि तो नसलेल्या पाथाला वेगळा टाइप आहे. मला ती सोय जास्त आवडते.

आता टाइप काय सांगत नाही ते. फाइल डिस्कवर आहे का, हे नाही. आणि आपल्या मराठी नावांचं काय, हेही नाही. 'दुसऱ्या_सभेचे_इतिवृत्त' यातला ऱ एकाच कोडचा असू शकतो, किंवा र आणि नुक्ता असा दोन कोडचा. मॅकची जुनी फाइलसिस्टिम एचएफएस प्लस तो फोडून ठेवायची. कुणी र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे (न दिसणारं जोडचिन्ह) वापरूनही तेच अक्षर काढतं. लिनक्सला नाव म्हणजे नुसते बाइट, तिरपी रेघ आणि शून्य बाइट सोडून काहीही चालतं, त्यामुळे दिसायला सारख्या तीन फाइली एकाच फोल्डरात सुखानं नांदतात. एनएफसी (युनिकोडचं एकसारखं रूप) केलं तर पहिले दोन एक होतात, तिसरा मात्र तसाच राहतो, तो स्वतःच बदलावा लागतो. लांबीही जपा: ext४सारख्या फाइलसिस्टिमवर नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे, आणि यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटांत लिहायच्या नेहमीच्या पद्धतीत) देवनागरीचा प्रत्येक कोड ३ बाइट खातो. मात्रा आणि हलन्त वेगळे मोजले जातात, म्हणजे ८५ कोडांत नाव संपलं.

म्हणून तुम्ही स्वतः तयार करणार त्या नावांसाठी वेगळा छोटा टाइप करा, आणि तो बनवणाऱ्या एकाच फंक्शनात हे सगळं तपासा. डिस्कवर आधीच असलेली नावं मात्र बदलू नका. ती जशीच्या तशी पेलायला २०२२ पासून फाइलपाथ लायब्ररीत ओएसपाथ हा टाइप आहे: लिनक्सवर बाइट, विंडोजवर १६ बिटांचे एकक.

सगळा प्रोग्राम एकदम बदलायला जाऊ नका. आधी फक्त यादी वाचणारं फंक्शन बदला, त्यातून स्ट्रिंगऐवजी पार्स झालेला पाथ बाहेर येऊ द्या. पुढं कुठं कुठं हात लावायचा ते कंपायलर ओळीच्या नंबरासकट दाखवील.