मेकॅनिकलमध्ये पीएचडी झाली, वय ३४. भारतात पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं ठराविक मुदतीचं संशोधन) केला तर कॉलेजवाले गॅप धरतात का? की परदेशातच जावं?

धरतात, काही ठिकाणी धरतात. आणि ते साफ चूक आहे, म्हणून लिहितेय.

माझी पीएचडी हीट ट्रान्सफरमधली, नंतर एका सरकारी संस्थेत दोन वर्षं पोस्टडॉक केला आणि मग एका खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजात इंटरव्ह्यूला गेले. पॅनेलवरच्या एका सरांनी बायोडेटा चाळला आणि म्हणाले, "मॅडम, पीएचडीनंतर दोन वर्षं गॅप दिसतोय." मी म्हटलं, सर तो पोस्टडॉक आहे. तर म्हणे, "हो हो, म्हणजे नोकरी लागेपर्यंतचं."

अहो, त्या काळात बॉइलिंगचा अख्खा टेस्ट लूप, म्हणजे पाणी उकळवून मोजमापं घ्यायची यंत्रणा, मी उभा केला! तांब्याच्या ब्लॉकला थर्मोकपलसाठी (तापमान मोजायच्या तारा) भोकं पाडून घेणं, पंपाच्या सीलची गळती शोधणं, जीईएम या सरकारी पोर्टलवर खरेदी, वर अकाउंट्सवाल्यांच्या क्वेरी. पाणी आधी चांगलं उकळवून त्यातली विरघळलेली हवा काढली नाही तर बुडबुडे लवकर सुटतात आणि रीडिंग चुकीची येतात, हे एमटेकच्या पोरांना शेजारी उभं राहून मी शिकवलं. पीएचडीत निम्मं टेन्शन गाइड घेतो, इथे सगळं आपल्यावर असतं, मग हा अनुभव नाही तर काय?

आता तुमचं. वय ३४ म्हणजे एएनआरएफ (संशोधनाला पैसे देणारी केंद्र सरकारची संस्था, आधीचं एसईआरबी) हिच्या नॅशनल पोस्टडॉकची घाई करा, त्याला ३५ची अट आहे, महिलांना आणि राखीव प्रवर्गांना ५ वर्षं सवलत मिळते. दोन वर्षांची फेलोशिप, पण मेंटॉर, म्हणजे ज्यांच्या लॅबमध्ये काम करायचं ते प्राध्यापक, आपण आधी शोधायचा, त्यामुळे जाहिरात आल्यावर धावपळ करून उपयोग नाही. आयआयटी मुंबई, आयआयएससी यांच्या स्वतःच्या पोस्टडॉक फेलोशिप असतात त्याही बघा. परदेशात जायचंच तर जर्मनीच्या हुंबोल्ट फेलोशिपला वर्षभर कधीही अर्ज करता येतो, पीएचडीला ४ वर्षांपेक्षा जास्त झालेली नकोत, आणि तिथल्या प्रोफेसरचं होस्ट म्हणून पत्र लागतं. युरोपच्या मारी क्युरी फेलोशिपला ज्या देशात जायचंय तिथे आधीच्या ३६ महिन्यांत १२ पेक्षा जास्त राहिलेलं चालत नाही.

माझं मत स्पष्ट आहे, देश बघून नाही, लॅब बघून जा. नुसतं फॉरेनचं नाव लागावं म्हणून तुमच्या विषयाशी संबंध नसलेल्या ग्रुपमध्ये जाऊ नका. अर्थात घरी ईएमआय असेल किंवा थेट आर अँड डीत नोकरी मिळत असेल तर गणित वेगळं, इंडस्ट्रीत पोस्टडॉकला किती किंमत मिळेल ते कंपनीवर आहे. आणि नियम बदलत असतात, चालू जाहिरात स्वतः वाचा.

पण केलात तर फेलोशिपची ऑर्डर, जॉइनिंग आणि रिलीव्हिंग लेटर, सगळं तारखांसकट फाइलला लावा. बायोडेटात शिक्षणाखाली नाही, अनुभवाखाली लिहा, लॅबमध्ये काय उभं केलंत ते नावानिशी. पॅनेलवर कुणी गॅप म्हटलं की ऑर्डर काढून समोर ठेवायची आणि विचारायचं, सर, यातला कुठला महिना रिकामा दिसतोय?