‘मीरशॉम’ला ‘समुद्रफेस’ म्हणावे काय?

प्रश्न : तंबाखू ओढण्याचे जुने पाइप दुरुस्त करण्याचा मला छंद आहे आणि त्याविषयी मराठीत लिहिण्याचे मनात आहे. ‘मीरशॉम’ या पांढऱ्या दगडाच्या पाइपला मी मूळ अर्थ पाहून ‘समुद्रफेसाचा पाइप’ असे लिहिले. एका वैद्यमित्राने ते साफ चूक ठरवले. मग काय लिहावे? ‘ब्रायर’ला ‘काटेरी झुडपाचे लाकूड’ म्हटलेले चालेल काय? पाइपच्या भागांना मराठी शब्द आहेत काय?

उत्तर : वैद्यमित्रांचा आक्षेप रास्त आहे, मात्र आपली चूक इतकी खानदानी आहे की तिचा पूर्वेतिहास पाहिल्याशिवाय ती खोडून टाकणे मला जड जाते.

जर्मन भाषेत ‘मेर’ म्हणजे समुद्र आणि ‘शाउम’ म्हणजे फेस. तेव्हा शब्दाची फोड आपण केली तशीच आहे. फ्रेंचांनीही या दगडाला ‘समुद्राचा फेस’ याच अर्थाचे नाव दिले. दगड पांढराशुभ्र, सच्छिद्र आणि वाळल्यावर पाण्यावर तरंगण्याइतका हलका असतो, हे लक्षात घेतले म्हणजे ही कल्पना कोणाला का सुचली असावी ते सहज कळते. अडचण एवढीच, की मराठीत ‘समुद्रफेस’ हा शब्द रिकामा नाही. माकूळ नावाचा जो दहा पायांचा मऊ जलचर कोकणच्या कोळणीच्या टोपलीत दिसतो, त्याच्या जातभाईंपैकी काहींच्या पाठीत चपट्या होडीच्या आकाराचे पांढरे हाड असते. प्राणी मेल्यावर ते सुटून लाटांबरोबर किनाऱ्याला लागते. त्यालाच आपण समुद्रफेस म्हणतो. पोपटाच्या पिंजऱ्यात चोच घासायला अडकवतात तो हाच, आणि काष्ठौषधींच्या दुकानात ‘समुद्रफेन’ मागितल्यास पुडीत बांधून मिळतो तोही हाच. अमरकोशात फेनाला ‘अब्धिकफ’, म्हणजे समुद्राचा कफ, असाही पर्याय दिलेला आहे. तो आपण पाइपसाठी सुचवला नाहीत याबद्दल आपले आभारच मानले पाहिजेत.

आता यातली खरी गंमत पाहा. या खनिजाचे ‘मीरशॉम’ हे नाव वेर्नर या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने १७८८ मध्ये शास्त्रात आणले. पुढे १८४७ मध्ये ग्लॉकरने त्याला ‘सेपिओलाइट’ हे नाव दिले आणि तेच आज शास्त्रात रूढ आहे. ‘सेपिऑन’ हा ग्रीक शब्द असून त्याचा अर्थ होतो माकुळासारख्या त्याच जलचराचे पाठीचे हाड, म्हणजे नेमका आपला समुद्रफेस! ग्लॉकरला दगड पाहून ते हाड आठवले, त्याच्या आधीच्या जर्मनांना फेस आठवला, आणि आपल्या पूर्वजांनी ते हाडच फेस समजून त्याला नाव दिले. तीन भाषा तीन वाटांनी एकाच ठिकाणी येऊन उभ्या राहिल्या. त्यामुळे ‘समुद्रफेस’ लिहिणारा माणूस एका अर्थी शास्त्रीय नावाचाच अनुवाद करीत असतो.

असे असूनही हा शब्द वापरू नये असेच माझे मत आहे, कारण नावे जुळली तरी वस्तू जुळत नाहीत. समुद्रफेस हा चुन्याच्या जातीचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. मीरशॉम हे मॅग्नेशियमचे सिलिकेट आहे. माझ्या टेबलावर किनाऱ्यावर वेचलेला समुद्रफेसाचा तुकडा आणि एक तडकलेली मीरशॉमची चिलीम शेजारी शेजारी असतात. समुद्रफेसावर लिंबाच्या रसाचा थेंब टाकला की बारीक बुडबुडे उठतात. मीरशॉमवर तोच थेंब निमूटपणे जिरून जातो. मीरशॉमला ओली जीभ लावली तर ती किंचित चिकटते, इतका हा दगड पाण्याला हपापलेला असतो. समुद्रफेसाची मऊ बाजू नखाने खरवडली तर पिठासारखी भुकटी पडते. त्यात विस्तव ठेवण्याचा विचारही कोणी करणार नाही. ‘समुद्रफेसाचा पाइप’ वाचून मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे जर पोपटाचा पिंजरा उभा राहिला, तर दोष वाचकाचा नव्हे.

पर्याय हवाच असेल तर तुर्की भाषेकडे पाहावे. या दगडाच्या सर्वांत नावाजलेल्या खाणी तुर्कस्तानात एस्कीशेहिर येथे आहेत आणि तिथे त्याला ‘लुलेताशी’ म्हणतात. ‘लुले’ म्हणजे चिलमीची वाटी आणि ‘ताश’ म्हणजे दगड. फेसाबिसाच्या भानगडीत न पडता कामावरून नाव ठेवण्याची ही रीत मला अधिक शहाणपणाची वाटते. त्या चालीवर ‘चिलीमदगड’ असा शब्द घडवता येईल, पण तो रुळेपर्यंत आपण ‘मीरशॉम’ हाच शब्द ठेवावा आणि पहिल्या उल्लेखाला ‘मऊ, सच्छिद्र, पांढरा दगड’ एवढे सांगावे.

पदार्थाचे नाव चोख असणे आपल्या विषयात विशेष गरजेचे आहे, कारण दुरुस्ती पदार्थाप्रमाणे बदलते. लाकडी पाइपच्या आत जळक्या तंबाखूचा पातळ थर धरू देतात, कारण तो लाकडाला जळण्यापासून वाचवतो. इंग्रजीत त्याला ‘केक’ म्हणतात. आपण त्यासाठी काही सुचवण्यास सांगितले नाही, तरी दुधाच्या पातेल्याच्या बुडाशी धरते ती ‘खरवड’ मला येथे अगदी चपखल वाटते, कारण ती धरतेही आणि खरवडावीही लागते. मीरशॉममध्ये मात्र खरवड मुळीच धरू द्यायची नसते. ती तापून फुगली तर दगड तडकण्याची भीती असते, म्हणून प्रत्येक वेळी आतून पुसून घेतात. लाकडी पाइपचा वास घालवण्यासाठी आत मीठ भरून त्यावर मद्यार्क ओततात. तो उपाय मीरशॉमवर करू नये. तसेच वापराने हा दगड पिवळा, मधाळ आणि शेवटी तपकिरी होत जातो. बाहेरून दिलेले मेण आणि आतून झिरपलेला अर्क मिळून तो रंग चढतो, आणि जाणकार त्याच रंगासाठी पैसे मोजतात. हा रंग ‘डाग’ समजून घासून काढणारा दुरुस्तीवाला पाइपचे मोल घालवतो. यासाठी ‘रंग बदलणे’ यापेक्षा ‘मुरणे’ हे क्रियापद वापरावे. लोणचे मुरते तसा मीरशॉम मुरतो.

‘ब्रायर’चे प्रकरण छोटे आहे. इंग्रजीत काटेरी रानझुडपाला ‘ब्रायर’ म्हणतात हे खरे, पण पाइपचा ब्रायर हा फ्रेंच ‘ब्रुयेर’ या शब्दाचा इंग्रजांनी आपल्या ओळखीच्या शब्दावर बसवलेला उच्चार आहे. ‘ब्रुयेर’ म्हणजे ‘हीथ’ नावाचे झुडूप. भूमध्य समुद्राभोवतीच्या प्रदेशात त्याच जातीचे ‘एरिका आर्बोरिया’ हे झाड वाढते; त्याला काटे नसतात, आणि त्याच्या मुळाशी जी टणक गाठ येते तिच्यापासून पाइप घडवतात. फ्रान्समधील सेंट-क्लोद हे गाव एकोणिसाव्या शतकात याच धंद्यावर प्रसिद्धीस आले. गाठीत लाकडाचे तंतू एकमेकांत गुंतलेले असल्याने ती सहसा जळत नाही, तडकतही नाही. म्हणून ‘ब्रायरची गाठ’ किंवा ‘ब्रायरचे लाकूड’ लिहावे. काट्यांशी त्याचा काही संबंध नाही.

भागांच्या नावांसाठी फार दूर जायला नको. ज्यात तंबाखू भरतात त्या भागाला ‘वाडगा’ म्हणू नये, कारण हुक्क्यावर बसवलेल्या त्याच भागाला आपण पूर्वीपासून ‘चिलीम’ म्हणतो. धूर येतो ती ‘नळी’. नळीचे जे टोक चिलमीच्या भोकात घट्ट बसते, त्याला सुताराच्या बोलीतला ‘कुसू’ हा शब्द नेमका बसतो. पाइप गरम असताना नळी पिळून काढली तर मोडते ते हे कुसूच. धूर गाळणाऱ्या भागाला ‘छापी’ म्हणण्याचा मोह मला झाला होता. साईसच्चरितात चांद पाटलाच्या गोष्टीत चिलीम ओढण्यासाठी विस्तवाबरोबर छापी भिजवायला पाणीही लागते. ते ओले फडके म्हणजे छापी. पण ती चिलमीच्या तोंडाला बाहेरून गुंडाळतात आणि पाइपची गाळणी नळीच्या पोटात असते, तेव्हा ‘गाळणी’च बरी. क्रियापदाचा आपण प्रश्न केला नसला तरी सांगतो : हुक्का आपल्याकडे प्यालाही जातो, चिलीम आणि पाइप मात्र ओढतात.